गव्यापुढे सशाचं भाषण

एका जंगलात एक ससा राहत असे. दिसायला तो चारचौघा सशांसारखाच होता, पण तो शिकलेला होता आणि हे समोरच्याला कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जांभळीखाली साळुंकीबाईंची शाळा भरायची. तिथे त्यानं उपमा, अनुप्रास, अतिशयोक्ती, सगळं तोंडपाठ केलं होतं. कोणी नुसतं "आज ऊन फार आहे" म्हटलं, तरी हा मान हलवून सांगायचा, "हे साधं विधान झालं." मुलांनो, असा एखादा तुमच्याही वर्गात असेल. तो तुम्हीच असाल, तर जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

त्या उन्हाळ्यात जंगलातले झरे आटले आणि पाणी उरलं ते एकाच डोहात. त्यात एक गवा दिवसभर डुंबत बसे, आणि कोणी काठाशी आलं की शिंगं रोखी. सगळे तहानेनं कासावीस झाले. हरिणीचं पाडस तर जागचं उठेनासं झालं. शेवटी सगळ्यांनी सशाला गळ घातली, "तू बोलण्याचं शास्त्र शिकलास. आता तूच त्याची समजूत घाल."

ससा ऐटीत काठावर उभा राहिला. "गवादादा, तुम्ही डोंगरासारखे आहात. ही उपमा झाली. तुमच्यामुळे सगळं जंगल मरायला टेकलं आहे. ही अतिशयोक्ती."

"अतिशयोक्ती म्हणजे काय रे?" गव्यानं विचारलं.

"आहे त्यापेक्षा वाढवून सांगणं," ससा खुशीत म्हणाला. कोणी शंका विचारली की त्याला फार बरं वाटे.

"मग एवढं काही बिघडलेलं नाही तर," असं म्हणून गवा गळ्यापर्यंत पाण्यात शिरला.

"पाणी काय एकट्याचं असतं?" ससा घाईनं म्हणाला. "हा अलंकारिक प्रश्न आहे. याचं उत्तर द्यायचं नसतं."

"बरं झालं. मला तसंही येत नव्हतं," गवा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

ससा हात हलवत परतला. कोल्हा म्हणाला, "समजूत घालायला पाठवला, तर हा गव्याची शिकवणी घेऊन आला." साळुंकीबाईंनी मात्र त्याला जवळ बोलावलं. "बाळा, घरटं विणताना मी प्रत्येक काडीचं नाव सांगत बसले, तर अंडी कुठे घालू? शिकलास ते चांगलंच आहे. ते आता बोलण्यात आतून विणायचं."

सशाला फार लाज वाटली. परत डोहाकडे जाताना त्यानं वाटेत ते पाडस पाहिलं. ते आईच्या पायाशी मान टाकून पडलं होतं, आणि आई त्याचे कोरडे ओठ चाटत होती.

"दादा," काठावर येऊन ससा हळूच म्हणाला, "हरिणीचं पाडस वाळक्या पानासारखं पडलं आहे. तुम्हीही लहानपणी आईमागून याच डोहावर यायचात. तेव्हा कोणी शिंगं रोखून बसलं असतं तर?"

ही उपमा होती, हा अलंकारिक प्रश्न होता, हे सगळं सशाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते मोठ्या कष्टानं गिळलं.

गवा पाण्यातून उठला. मग अंग झटकून बाहेर आला. "सकाळी सगळ्यांनी पिऊन घ्या. मी दुपारी डुंबत जाईन. आणि त्या पाडसाला आधी आणा," तो म्हणाला. "पण काय रे, हे असं पहिल्यांदाच का नाही सांगितलंस?"

"कारण तेव्हा मी तुमच्याशी बोलतच नव्हतो, दादा," ससा म्हणाला, "मी परीक्षा देत होतो."

पाडसाचं पिऊन झाल्यावर सशानंही डोहात तोंड घातलं. पाणी मधासारखं गोड लागलं. त्याला काय म्हणतात ते सशाला माहीत होतं, पण तो पाणी पीत राहिला.

तात्पर्य : शब्दांची विद्या जरूर शिकावी, पण बोलताना ध्यान विद्येवर नको, ऐकणाऱ्यावर असावं.