पेढीचं नाव ओळखणारं गाव

फार वर्षांमागे, गलबतं वाऱ्याच्या मर्जीवर चालत त्या काळी, एका बंदराच्या गावात मोठी रंगशाळा होती. तिथलं लाल कापड दूरदूरच्या मुलखांत जाई. आजीच्या लुगड्याची नातीला कुंची शिवली तरी लाली उतरत नाही, अशी त्याची ख्याती.

एके दिवशी रंगशाळेच्या मालकांनी दवंडी पिटवली. रंगशाळेचे हजार हिस्से करून ते लोकांना विकायचे ठरले आहे. गावातल्या तीन सराफी पेढ्यांपैकी एक पेढी या विक्रीचं पुढारपण करील. किंमत तीच ठरवील आणि चौकात बसून हिस्से तीच विकील. तिचं नाव पौर्णिमेच्या सकाळी कळेल.

झालं. त्या दिवसापासून गावाला दुसरं काही सुचेना. थोरली पेढी, नवी पेढी की बंदरावरची पेढी? न्हाव्याकडे तेच, पाणवठ्यावर तेच. मयताला गेलेली माणसंही परतताना तेच बोलत. पेढी कोणतीही झाली तरी त्यात या माणसांचं काय जात-येत होतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सगळ्यांच्या पुढे हैबत तांबट. त्याचे अंदाज बरेचदा खरे ठरत, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. त्याने आपली भट्टी थंड ठेवली आणि रंगशाळेच्या फाटकासमोर पारावर बैठक मारली. कोणत्या शेठची पालखी आत गेली, किती वेळ थांबली, हे तो दिवसभर मोजत राही.

त्याच्या शेजारी सारजाबाई परटीण राहायची. मालकांच्या घरचं धुणं तिच्याकडे येई. म्हणून हैबत रोज सकाळी नदीच्या घाटावरही एक फेरी मारी.

"अक्का, काल मालकांकडे पाहुणे कोण होते? धुण्यात कोणाचं उपरणं आलंय का?"

"पाहुण्यांचं मला ठाऊक नाही," सारजाबाई म्हणाली. "पण हे बघ. हे कापड दिवाळीनंतर रंगवलेलं. पहिल्याच धुण्यात पाणी लाल झालं. पूर्वी तीनदा बुडवायचे आणि दर वेळी वाळवायचे. आता विक्रीआधी माल ढिगाने दिसावा म्हणून एकदाच बुडवतात. थोरले रंगारी त्यावरूनच काम सोडून गेले."

"बरं," हैबत म्हणाला. "आणि कपड्यांना केवड्याचा वास होता का? थोरल्या पेढीचे शेठ केवडा लावतात."

सारजाबाईने हातातलं कापड जरा जास्तच जोरात पिळलं.

मग पंतोजी आले. मग भडभुंजा आला. सारजाबाईने प्रत्येकाला लाल पाणी दाखवलं. प्रत्येकाने "बरं" म्हटलं आणि शेठांची चौकशी केली. आपण बोलतो ती भाषा या लोकांना कळते की नाही, अशी तिला शंका येऊ लागली.

पौर्णिमेला दोन दिवस उरले, तेव्हा हैबत खुशीत आला. "थोरली पेढीच, अक्का. मी भट्टी आणि हत्यारं विकायला काढलीत. दहा हिस्से घेणार."

तिचे हात थांबले. "हैबत, त्या हत्यारांवर तुझं घर चालतं. चौथ्यांदा सांगते, रंग टिकत नाही. एक पंचा विकत घे आणि स्वतः धुऊन बघ."

"थोरली पेढी पुढे होते म्हणजे तिने सगळं पाहिलंच असेल ना?"

"गावात धुणं या एका घाटावर होतं. पेढीचं कोणी इथे कापड धुवायला आलेलं मी तरी पाहिलं नाही."

हैबत हसला. "तुझं आपलं धुण्याचंच."

पौर्णिमेच्या सकाळी सारजाबाई पाण्याची घागर आणि नवं कोरं लाल कापड घेऊन चौकात गेली. सगळ्यांदेखत तिने कापड घागरीत बुचकळलं आणि ते लाल पाणी फरसबंदीवर ओतलं. चार माणसं बघायला वळली. तेवढ्यात नगारा वाजला आणि ती चौघंही तिकडे धावली.

"थोरली पेढी," मालकांच्या कारभाऱ्याने पुकारलं.

हैबतचा अंदाज बरोबर होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ज्याने पेढी ओळखली, तो हिस्से घेतो आहे म्हटल्यावर रांग लागली. हैबतने दहा घेतले, पंतोजींनी तीन, भडभुंज्याने दोन. संध्याकाळपर्यंत हजारही संपले. पेढी आपली दलाली घेऊन उठली. सारजाबाई रिकामी घागर घेऊन घरी गेली.

पावसाळा सरला आणि गलबतं परत आली. गेलेलं कापड त्यांच्यातच परत आलं होतं, फिकट आणि डागाळलेलं. परमुलखाच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा माल मागवला नाही. होळीच्या आत रंगशाळेला कुलूप लागलं. हिश्शांचे कागद कोणी फुकटही घेईना. सारजाबाईचंही मालकांकडचं धुणं गेलं, कारण मालक गाव सोडून गेले होते.

हैबत आता दुसऱ्याच्या भट्टीवर रोजाने हंडे ठोकू लागला. एका दुपारी तो घाटावर आला आणि पायरीवर बसला.

"अक्का," तो म्हणाला, "रंगाचं तू मला सांगितलं होतंस का?"

"चार वेळा."

"खरंच मला आठवत नाही."

सारजाबाईला राग यायला हवा होता. पण त्याच्याकडे पाहून तिला तोही आला नाही. ती फक्त दमल्यासारखी झाली.

"कसं आठवेल?" ती म्हणाली. "तू येत होतास ते पेढीचं नाव ऐकायला. ते सोडून मी जे जे बोलले, ते तुझ्या कानापर्यंत आलंच नाही."

हैबतने मान खाली घातली. सारजाबाईने पुढचं कापड पाण्यात सोडलं.

लहानांनो आणि थोरांनो, बोध एवढाच, आणि तो दर पिढीला नव्याने सांगावा लागतो हे दुर्दैव: विकायला कोण बसणार हे ओळखण्याआधी, विकलं जातंय ते काय आहे, हे पाहावं.