टी म्हणजे टॉप

एवढा हट्टच धरलाय, तर मधे बडबडू नका. रस्त्यांना नवं डांबर लागलं, तेव्हाची ही गोष्ट. एका लाल गाडीला तीनशेच्या वेगानं पळून शर्यत जिंकायची होती.

मागचा टायर म्हणाला, "ताई, माझ्या अंगावर वेगमर्यादेचा 'टी' छापलाय. एकशेनव्वदच्या वर मी फुटेन."

"टी म्हणजे टॉप! भित्रा मेला!"

हिला समजावण्यात दोघांचा जीव जाईल, हे टायरनं ओळखलं. शिट्टी वाजायच्या आतच त्यानं गुपचूप हवा सोडली. फुस्स! गाडी जागीच बसली. लोक खदखदले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पुढं सुटलेल्या एका निळ्या गाडीचा तसलाच टायर फाटकन फुटला आणि ती खड्ड्यात उलटली.

लाल गाडी हळूच म्हणाली, "चुकलं रे दादा."

चूक कबूल करणं गाडीला जमलं. आमच्या म्हादू ड्रायव्हरला अजून जमलेलं नाही.