कासारणीच्या हातातली रबरी पट्टी

फार वर्षांपूर्वी यंत्रं बोलायची. मी स्वतः ऐकलंय. विश्वास नसेल तर पुढचं वाचू नका.

द्वारकाबाई कासारणीचा उजवा हात अपघातात गेला. गावच्या मेकॅनिकनं तिला नवा हात करून दिला आणि बोटं मिटायला त्यात कूलरची पाणी चढवणारी मोटार बसवली. पहिल्याच दिवशी तीन बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणू नये. गिऱ्हाईक फिरकेना.

मग मेकॅनिकनं मोटार काढून फळीवर ठेवली आणि वीज दिली की स्नायूसारखी आकसणारी रबरी पट्टी बसवली. मोटार खदखदून हसली, "ही चपलेची पट्टी नवरीचा चुडा भरणार?"

तेवढ्यात यमुना नवरी येऊन बसली. "मावशी, एक जरी वाढली ना, तरी सासू जन्मभर ऐकवेल!"

बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. पट्टी आकसली, थांबली, सैल झाली, पुन्हा हळूच आकसली. बांगडी सरकली. चुडा पुरा झाला, तशी द्वारकाबाईनं रिवाजाप्रमाणे भरल्या हातांना नमस्कार केला.

"मध्येच थांबलीस का गं?" मोटारीनं पट्टीला विचारलं.

"पोरीला दुखत होतं."

मोटार म्हणाली, "आपला कूलरच बरा, बाई. पाण्याला कुठं दुखतं!"