पुसणीचा प्रश्न

"घरच्या अक्षराचा अर्थ बदलायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही," असं पुसणीला लहानपणापासून बजावलेलं होतं.

संगणक कपाटाएवढे असायचे, तेव्हाची ही गोष्ट. प्रत्येक संगणकात आज्ञांचं एक घराणं राहायचं. पुसणीचं काम पुसण्याचं. तिच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'स' लिहिलं की तिनं सगळं पुसून टाकायचं. शेजारच्या संगणकातली पुसणी मात्र त्याच 'स'ला एकेक नोंद विचारून पुसायची.

एकदा शेजारच्या संगणकावर काम करणारी मृण्मयी इथे येऊन बसली. पावसाच्या जुन्या नोंदींतल्या चुकीच्या तेवढ्या तिला काढायच्या होत्या. सवयीनं तिनं पुसणीला 'स' दिला.

"लाग कामाला," घराण्यातली नोंदी शोधून देणारी शोधणीआजी म्हणाली.

"आजी, ती शेजारची आहे. सगळ्या नोंदी जातील तिच्या!"

"जाऊ देत," नोंदी ओळीनं लावणारे मांडणीकाका गुरगुरले. "पाहुण्यानं आपली रीत शिकून यावं. शेजाऱ्यांसारखे वागलो तर आपलं घराणं ते काय राहिलं?"

"नोंदी गेल्यावर घराणं काय चाटायचंय, काका? मी दोन्ही संगणकांना जोडणाऱ्या तारेवरून शेजारच्या पुसणीशी बोललेय. यापुढे दोन्ही घरांत 'स' म्हणजे आधी विचारायचं."

"कुणाला विचारून ठरवलंत?"

"तुम्हाला विचारलं असतं तर ठरलंच नसतं."

पुसणीनं पडद्यावर प्रश्न उमटवला, 'पहिली नोंद पुसू का?' मृण्मयीनं लिहिलं, 'नको.'

"विचारल्याशिवाय मी एकही नोंद पुसणार नाही," पुसणी म्हणाली.

आजीनं काकांकडे पाहिलं. काका पुढच्या नोंदी ओळीनं लावायला लागले.