कासारणीच्या तीन शुक्रवारांची कहाणी

ऐका शुक्रवारच्या माउली, तुमच्या कासारणीची कहाणी. आटपाट नगर, त्याच्या वेशीपाशी भागीरथी कासारीण राही. घरी नवरा रंगनाथ, सून चिमा; लेक बांगड्या विकत गावोगाव फिरे. मनगट हाती धरलं की भागीरथी माप ओळखी. तिच्या हातून बांगडी कधी पिचली नाही.

एके दिवशी काय झालं? नवरीचा चुडा भरता भरता ती थांबली. पुढची बांगडी कोणती, आठवेना. मग घरची वाट चुकली. मग सुनेचं नाव चुकली. वैद्य म्हणाला, "बाई, हा विसराचा आजार. वाढत जाईल. आज शुद्ध शाबूत आहे, तोवर मनातलं सांगून ठेव."

मग तिनं वसा घेतला. शुक्रवारी दिवा लावला, पाट मांडले. "अहो, बसा. पुढचं ठरवू." "अभद्र बोलू नको," म्हणून रंगनाथ उठून गेला. दुसऱ्या शुक्रवारी बसला, डोळे भरले, उठून गेला. तिसऱ्या शुक्रवारी ती म्हणाली, "तुम्ही ऐकलं नाहीत, तर माझं परके ठरवतील." मग त्यानं मांडी घातली. चिमाही बसली.

"मला न्हाऊ चिमानं घालावं. मला कोंडू नये, ओट्यावर माणसांत बसवावं. मला कळेनासं झालं की माझ्या वतीनं चिमानं बोलावं. तुमचा जीव माझ्यापायी हळवा, तुम्ही डगमगाल."

चिमा म्हणाली, "बोलेन, आत्याबाई. पण मी बाळंतपणाला माहेरी गेले तर?"

"तर माझ्या बहिणीला बोलवा. दमलात तरी बोलवा. त्यात लाज नाही."

"आणि मी काय करू?" रंगनाथ म्हणाला.

"तुम्ही वेणी घालायला शिका."

तो शिकला.

चार वर्षं गेली. मापं गेली, नावं गेली, नवऱ्याची ओळखही गेली. मग परगावचा थोरला दीर आला. "भ्रमिष्ट बाई ओट्यावर कशाला? घराची अब्रू जाते. आत कोंडा." रंगनाथानं मान खाली घातली. चिमा पुढे झाली. "मोठे मामंजी, आत्याबाईंनी शुद्धीत असता सांगितलंय. आम्ही दोघांनी समोर बसून ऐकलंय. त्या इथंच बसतील." रंगनाथानं मान वर केली. म्हणाला, "दादा, सून म्हणते तेच माझ्या बायकोचं म्हणणं." दीर जेवून आपल्या गावी गेला.

भागीरथीला यातलं काही कळलं नाही. ती ओट्यावर ऊन खात बसली होती. वेशीतून जाणाऱ्या बाया लेकींना दाखवीत, "ही बघ कासारीण. हिचं पुढचं हिनंच ठरवलं, आणि घरानं पाळलं."

जसा तिचा शब्द राहिला, तसा तुमचा आमचा राहो. वेळ आहे तोवर आपल्या माणसापाशी बसा, घेतला वसा सोडू नका. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ पुरी झाली.