बहुरूप्यानं मोडलेलं सोंग

नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा एक बहुरूपी राहत होता. सोंग वठवावं तर त्यानंच! तो कोतवाल होऊन आला की बाजारातल्या लबाडांची पाचावर धारण बसे. वाघ होऊन आला तर गावची कुत्री शेपूट घालून पळत. त्याच्या घराण्याचा एकच नेम होता. एकदा घेतलेलं सोंग बिदागी मिळेपर्यंत मोडायचं नाही. त्याचा बाप एकदा दगडी मारुती होऊन उभा असताना त्याच्या पायाला विंचू डसला, तरी गडी तसूभर हलला नाही. सटवाजी हे सगळ्यांना अभिमानानं सांगे.

राजाच्या कानावर ही कीर्ती गेली. राजा होता मोठा खोडकर. त्यानं सटवाजीला बोलावून घेतलं.

"वाघ झालास, देव झालास. आता आठ दिवसांत माणसाचं सोंग आण. बघताक्षणी पटलं पाहिजे, की हा खरा माणूस! नाही जमलं तर तुझी रंगाची पेटी जप्त. या राज्यात पुन्हा सोंग घ्यायचं नाही."

"हात्तिच्या! एवढंच ना?" सटवाजी मनात म्हणाला.

आठ दिवस तो नुसता खपत होता. पंडिताची पगडी आणली, सरदाराच्या मिशा लावल्या, सावकाराचा शेला घेतला, वर साधूची माळ घातली. म्हणजे कशात काही उणं नको! तोंडाला रंग लावून तेज आणलं आणि आरशात बघून स्वारी स्वतःवरच खूश झाली.

राजवाडा नदीपलीकडे होता. सटवाजी उताराशी पोचला आणि बघतो तर काय, बांगड्या विकणारी म्हातारी गजराबाई पाय घसरून पाण्यात पडली होती. धार तिला ओढत होती.

"अरे, धरा रे कुणीतरी!" ती ओरडली. काठावर दुसरं चिटपाखरूही नव्हतं.

सटवाजी थबकला. पाण्यात उतरलं की रंग जाणार, मिशा जाणार आणि पेटीही जाणार. मग बायकापोरांनी खायचं काय? तेवढ्यात म्हातारीचं डोकं पाण्याखाली गेलं. त्यानं पगडी भिरकावली आणि उडी मारली.

तिला सुखरूप घरी पोचवून तो दरबारात गेला, तो ओलाचिंब होऊन. गालावर रंगाचे ओघळ, एक मिशी गायब. सगळा दरबार खो खो हसला.

"हे काय रे ध्यान? सोंग कुठाय?" राजानं विचारलं.

"नदीत गेलं, महाराज. गजराआजी बुडत होती, तिला काढलं."

"आणि घराण्याचा नेम?"

"मोडला. पुन्हा कुणी बुडालं तर पुन्हा मोडीन! माझ्या बापानं विंचू सोसला तो स्वतःच्या पायावर. दुसऱ्याचा जीव जाताना तोही उभा राहिला नसता. पेटी खुशाल जप्त करा."

राजा सिंहासनावरून उतरला आणि त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढलं.

"पेटी तुझ्याकडेच राहू दे. मी माणूस दाखव म्हटलं होतं, तू दाखवलास. ही घे बिदागी."

सटवाजीनं हात जोडले. "माफ करा, महाराज. बिदागी मी सोंगाची घेतो. नदीत मी सोंग घेतलं नव्हतं."

तात्पर्य: माणूसपण पोशाखात नसतं आणि लौकिकातही नसतं. आपलं नुकसान समोर दिसत असूनही जो दुसऱ्याच्या जिवासाठी धावतो, तोच खरा माणूस.