पाळण्याच्या दोन दोरांची कहाणी

ऐका, जोडदोरी माये, तुझी कहाणी. आटपाट नगराची साळीआळी होती. तिथं रंगोजी साळी राही. त्याची बायको येसू. तो माग चालवी, ती सुताच्या कांड्या भरी. रंगोजी भला माणूस. येसूला विचारल्यावाचून लुगड्याचा काठ ठरवीत नसे. "येसू, काठ कोणता घेऊ?" म्हणे. ती "डाळिंबी घ्या" म्हणाली, की डाळिंबी. लुगडी हातोहात खपत. दोघं सुखात होती.

येसूला पहिली लेक झाली, चिमा. बारशाला एक म्हातारी सवाष्ण दारी आली. येसूनं तिची ओटी भरली. म्हातारी म्हणाली, "लेकी, वसा देते, घेशील?"

"वसा कसला?"

"पाळण्याला दोर दोन. एक नवऱ्यानं बांधावा, एक बायकोनं. मूल चालू लागलं की दोर सोडावे, देव्हाऱ्यात ठेवावे. पुन्हा मूल हवंसं वाटलं, तर एकमेकांना विचारावं. दोघांच्या मनात असलं तर दोघांनी बांधावे. एकाच्या मनात नसलं तर थांबावं. एकाचा दोर दुसऱ्यानं बांधू नये."

दोघांनी हात जोडून वसा घेतला. म्हातारी दिसेनाशी झाली.

मग चिमा चालू लागली. दोर देव्हाऱ्यात गेले. रंगोजीची आई म्हणाली, "घर सुनं वाटतं रे. पाळणा हलू दे." येसू नदीवर सूत धुवायला गेली होती. रंगोजीनं दोन्ही दोर आपणच बांधले. येसू आली, तिनं वर पाहिलं. "अहो, माझा दोर कुणी बांधला?"

"मीच. तुझं माझं काय वेगळं आहे?"

येसूनं धुतलेलं सूत वाळत घातलं. मुलगा झाला. आळीत साखर वाटली.

मग मुलगा चालू लागला. येसूचे डोळे खोल गेले, चार कांड्या भरल्या की धाप लागू लागली. आई म्हणाली, "एकाला जोड हवी." रंगोजी दोर घेऊन उठला. येसू म्हणाली, "अहो, अंगात त्राण नाही. थोडं थांबू या."

"बाळंतपण काय पहिलं आहे? आईला वाईट वाटेल." त्यानं दोन्ही दोर बांधले. पुन्हा मुलगा झाला. येसू जेमतेम उठली.

मग तोही चालू लागला. सुईण सांगून गेली, "आता पुरे. हिच्या जिवावर बेतेल." या खेपेला आईसुद्धा काही बोलली नाही. रंगोजीलाच हौस, घरात आणखी हात हवेत, दुसरा माग घालायचा होता. येसूनं दोर पदराखाली लपवले. त्यानं ते हसत हसत काढून घेतले. "उगाच घाबरतेस," म्हणाला, आणि दोन्ही बांधले. भरल्या दिवसांत येसू गेली. मूलही गेलं.

रंगोजी रिकाम्या पाळण्याखाली बसून रडू लागला. तोच म्हातारी दारात उभी. "माये, चुकलो, माझी येसू परत दे."

"गेलेलं मला आणता येत नाही, बाबा. काठाचा रंग तिला विचारून घेतलास. तिच्या पोटच्या मुलाचं तेवढं विचारलं नाहीस."

"मग आता काय करू?"

"दोर लेकीला दे. जावयाला खरं सांग."

पुढं चिमाचं लग्न झालं. रंगोजीनं दोर दिले, जावयाला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. चिमाची सासू म्हणाली, "पाळणा हलू दे." जावई चिमाकडे गेला. "चिमे, तुझ्या मनात काय आहे?"

"अजून दोन पावसाळे जाऊ द्या."

त्यानं दोर परत देव्हाऱ्यात ठेवले, आईची समजूत घातली. दोन पावसाळे गेले. मग दोघांनी हसत दोर बांधले. चिमा सुखरूप बाळंत झाली.

रंगोजी बारशाला गेला. आढ्याकडे पाहिलं. एक गाठ जाड होती, एक नाजूक. त्याचे डोळे भरून आले. घरी येऊन त्यानं मागावर ताणा लावला, आणि सवयीनं मागं वळून म्हणाला, "येसू, काठ कोणता घेऊ?"

त्यानं ते लुगडं बिनकाठाचंच विणलं.

जोडदोरी माये, चिमाला पावलीस तशी तुम्हां आम्हां पाव. येसूला जे कुणी विचारलं नाही, ते ऐकणाऱ्या प्रत्येकीला विचारलं जावो. साठां बोलांची ही कहाणी पांचा बोलांत सरली, ज्या घरी ऐकली त्या घरी सुफळ होवो.